साथीच्या काळात मुलांना खेळायला पाठवायचं का? धोका तोलायचा कसा

मैदानाच्या फाटकावर थर्मामीटरची बंदूक कपाळासमोर धरली, हातावर सॅनिटायझर ओतलं, चेंडू पुसून घेतला, की खेळ सुरक्षित झाला असं मानणाऱ्यांशी वाद घालण्यात माझा पुष्कळ वेळ गेला आहे. कोविडची लागण झालेलं मूल लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतं, आणि बऱ्याच मुलांना ताप येतच नाही. त्यामुळे ती बंदूक मोठ्यांच्या समाधानासाठी असते. चेंडूवरून होणारा प्रसार हवेतून होणाऱ्या प्रसाराच्या तुलनेत किरकोळ. हात जरूर धुवा, पण त्यालाच बंदोबस्त म्हणू नका.

हा लेख पालकांसाठी आणि छोटे संघ चालवणाऱ्यांसाठी आहे. प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी, पालकांचे फोन नंबर हाताशी, शिबिराच्या अर्जावर आजारांची माहिती, एवढं तुम्ही करताच असं धरून चालते.

विषाणू कोणता, ते आधी बघा

‘मुलांना काही होत नाही’ हे वाक्य प्रत्येक साथीला लागू पडत नाही. 1918च्या फ्लूने धडधाकट तरुण माणसं मोठ्या संख्येने नेली. 2009च्या एच1एन1 साथीत वयस्कांपेक्षा मुलांना आणि तरुणांना लागण जास्त झाली. कोविडमध्ये उलटं झालं, गंभीर आजाराचा भार वृद्धांवर पडला आणि बहुतेक मुलं सौम्य आजारावर सुटली. म्हणून मागच्या साथीचा अनुभव पुढच्या साथीला जसाच्या तसा लावू नका. दोन गोष्टी शोधा: हा आजार कोणत्या वयाला गाठतो, आणि पसरतो कसा. या दोन्हींची उत्तरं पहिल्या काही आठवड्यांत बदलतात, तोवर सावध बाजूला राहा.

मूल आणि घर

मधुमेह, जन्मजात हृदयविकार, बराच लठ्ठपणा, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, यांपैकी काही असेल तर निर्णय तुमचा आणि मुलाच्या डॉक्टरांचा, प्रशिक्षकाचा नाही. दमा असलेल्या मुलाला सरसकट घरी बसवणं मात्र मला पटत नाही. दमा आटोक्यात आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. घरात केमोथेरपी चालू असलेलं माणूस किंवा थकलेले आजी-आजोबा असतील तर हिशेब त्यांच्या बाजूने करा, मूल कितीही ठणठणीत असो. लस उपलब्ध असेल तर घरातल्या मोठ्यांनी आधी घ्यावी.

खेळाचं नाव नव्हे, जागा बघा

‘कमी धोक्याचे खेळ’ आणि ‘जास्त धोक्याचे खेळ’ असे तक्ते फिरतात. माझ्या मते ते अर्धवट आहेत. बास्केटबॉल उघड्या कोर्टवर एक असतो आणि खिडक्या बंद असलेल्या हॉलमध्ये दुसराच. जोरात श्वास, आरडाओरडा आणि कोंडलेली हवा ही तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे प्रकरण हाताबाहेर जातं.

उदाहरणं हवीत तर आहेत. दक्षिण कोरियातल्या चेओनानमध्ये 2020च्या सुरुवातीला व्यायामशाळांतल्या जोशपूर्ण नृत्यवर्गांमधून संसर्ग पसरला आणि 112 जणांपर्यंत पोहोचला. त्याच तपासात लागण झालेल्या एका प्रशिक्षिकेच्या योग आणि पिलाटेसच्या वर्गांत मात्र कुणाला लागण झाली नाही. फ्लोरिडात टॅम्पा बेला जून 2020मध्ये बर्फावरच्या हॉकीचा एक सामना बंद रिंकमध्ये झाला. 22 खेळाडूंपैकी 14 जणांना आणि रिंकच्या एका कर्मचाऱ्याला पुढच्या काही दिवसांत लक्षणं दिसली. ते खेळाडू प्रौढ होते, पण हवा वय विचारत नाही.

तेव्हा सराव उघड्यावर न्या. ते शक्य नसेल तर समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा आणि गट लहान करा. हॉल वापरायचाच असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र ठेवा. आकडा 800 पीपीएमच्या वर राहू लागला की हवा पुरेशी बदलत नाही असं समजा. कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, पोहणं यांत मास्क अडकण्याचा किंवा भिजण्याचा धोका असतो, तिथे खेळताना तो नको. बाकावर बसलेल्यांनी मात्र घालावा.

खेळापेक्षा खेळाच्या आजूबाजूचं जास्त महाग पडतं: एकाच गाडीतून प्रवास, कपडे बदलायची खोली, सामन्यानंतरचं एकत्र जेवण, मुक्कामी शिबिर. अमेरिकेतल्या जॉर्जियामध्ये जून 2020च्या एका निवासी शिबिरात 344 जणांचे चाचणी-अहवाल मिळाले, त्यांपैकी 260 पॉझिटिव्ह होते. रात्री एकाच खोलीत झोप आणि दिवसभर गाणी-घोषणा. साथ वाढती असेल तर मुक्कामी शिबिर रद्द करा. यावर मी चर्चा करत नाही.

लक्षणं लपवली जातात, हे गृहीत धरा

मुलं लपवतात, कारण संघातली जागा जाईल अशी भीती असते. पालकही लपवतात. यावर एकच उपाय चालतो. हंगामाच्या सुरुवातीलाच सर्वांसमोर सांगायचं की आजारी असल्याचं सांगून घरी राहिलेल्याची जागा जाणार नाही, आणि पहिली वेळ आली की ते पाळून दाखवायचं. तपासणीच्या सगळ्या उपकरणांनी मिळून जे साधत नाही ते यातून साधतं.

आजारातून उठलेलं मूल मैदानावर परत कधी?

मला सर्वात जास्त झगडावं लागलं ते इथे, आणि सर्वात वाईट सल्लेही इथेच मिळतात. ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला, उद्यापासून सराव’ हा त्यातला सर्वात वाईट. निगेटिव्ह चाचणी एवढंच सुचवते की त्याच्यापासून आता इतरांना लागण होण्याची शक्यता कमी आहे. त्याचं हृदय आणि फुफ्फुसं धावायला तयार आहेत का, याबद्दल ती काहीही सांगत नाही.

काळजी असते हृदयाच्या स्नायूच्या सुजेची, म्हणजे मायोकार्डायटिसची. मुलांमध्ये ती दुर्मीळ आहे, हे आधी स्पष्ट करते, कारण घाबरून मुलाला महिनोन्महिने बसवणारे पालकही मी पाहिले आहेत. पण सूज असताना जोराचा व्यायाम झाला तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात, आणि असं मूल बाहेरून अगदी बरं दिसू शकतं. म्हणून शक्यता कमी असली तरी इथे घाई करायची नाही.

आजार किती होता यावरून सुरुवात करा. चार दिवसांपेक्षा कमी ताप, थोडी अंगदुखी, सर्दी: हा सौम्य आजार. मुलाच्या डॉक्टरांना फोन करा आणि छातीत दुखणं, धाप, धडधड, चक्कर यांपैकी काही होतं का ते त्यांना नीट सांगा. चार दिवस किंवा जास्त ताप, आठवडाभर अंगदुखी आणि गळून जाणं, किंवा रुग्णालयात राहावं लागणं: इथे फोनवर भागवू नका. प्रत्यक्ष तपासणी आणि ईसीजी झाल्याशिवाय बूट बांधायचे नाहीत. अतिदक्षता विभागात राहिलेलं मूल, किंवा ज्याला मायोकार्डायटिस झाल्याचं निदान आहे असं मूल, 3 ते 6 महिने स्पर्धात्मक खेळापासून दूर राहतं आणि हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीनेच परततं. अशा मुलाच्या बाबतीत ‘हळूहळू सुरू करून बघू’ म्हणणारा प्रशिक्षक भेटला तर संघ बदला.

सौम्य आजारातून उठलेल्या मुलालाही थेट सामन्यात उतरवायचं नाही. तापाची गोळी न घेता ताप नसावा, आणि जिना चढणं, शाळेचा दिवस काढणं ही रोजची कामं दम न लागता जमायला हवीत. त्यानंतरच पायऱ्या सुरू. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने कोविडच्या सुरुवातीच्या काळात 12 वर्षांवरच्या मुलांसाठी सुचवलेला क्रम मी वापरते. पहिले दोन दिवस जास्तीत जास्त 15 मिनिटं, चालणं किंवा हलकं धावणं, वजनं नाहीत. तिसऱ्या दिवशी 30 मिनिटं आणि सोप्या हालचाली. चौथ्या दिवशी 45 मिनिटं. पाचव्या-सहाव्या दिवशी तासभर नेहमीचा सराव. सातव्या दिवसापासून पूर्ण खेळ. सौम्य आजारासाठी हा क्रम नंतर सैल करण्यात आला, तरी घाई असलेल्या घरांसाठी मला जुना सात दिवसांचाच बरा वाटतो. त्याहून लहान मुलांना असा काटेकोर तक्ता लागत नाही. ती दमली की आपणहून बसतात, फक्त बसू द्या.

मूळ क्रमात नाडीची मर्यादा आहे: सुरुवातीला कमाल गतीच्या 70 टक्के, पुढे 80. घड्याळ असेल तर बघा. नसेल तर मुलाशी बोला. पहिल्या पायरीवर धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर तुटत असेल तर वेग कमी करा.

आता खरी अडचण. पायऱ्या कागदावर सोप्या आहेत, पण मूल खरं सांगत नाही. ‘बरं वाटतंय का?’ हा प्रश्नच विचारू नका, उत्तर कायम ‘हो’ असतं. त्याऐवजी विचारा: कालच्यापेक्षा आज जास्त धाप लागली का, रात्री झोप कशी झाली, सकाळी उठवत होतं का. मुलं ‘छातीत दुखतंय’ असं क्वचितच म्हणतात. ‘पाय चालत नाहीत’, ‘कंटाळा आला’ असं म्हणतात. नेहमी रांगेत पुढे घुसणारं पोर मागे राहू लागलं, गुडघ्यांवर हात टेकून उभं राहू लागलं, तर शब्दांची वाट पाहू नका. त्या दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखणं, कामाच्या मानाने जास्त धाप, धडधड किंवा चक्कर आली तरीही तेच, आणि पुढची पायरी डॉक्टरांना विचारून.

धावता धावता बेशुद्ध होऊन पडणं ही वेगळी गोष्ट आहे. बराच वेळ उभं राहून चक्कर येणं पुष्कळ मुलांना होतं. व्यायामाच्या ऐन भरात कोसळणं हृदयाचं असू शकतं. मूल हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा, रुग्णवाहिका बोलवा, झटका देणारं एईडी यंत्र आणायला माणूस पळवा. ते यंत्र कुठे आहे, हे सराव सुरू व्हायच्या आधी तुम्हाला माहीत असायला हवं.

एका दिवसात दोन पायऱ्या कधीही नाहीत. ‘शनिवारी अंतिम सामना आहे’ हे वैद्यकीय कारण नाही, म्हणून मी सामन्याची तारीख या हिशेबात धरतच नाही, आणि त्या मुलासमोर तिचा उल्लेखही टाळते.

एक गोष्ट उशिरा उद्भवते. कोविड होऊन गेल्यावर साधारण 2 ते 6 आठवड्यांनी काही थोड्या मुलांना अनेक अवयवांना सूज आणणारा एमआयएस-सी हा आजार होतो, मूळ संसर्ग जाणवलाही नसला तरी. ताप, पोटदुखी, अंगावर पुरळ, लाल डोळे असं काही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा.

न खेळण्याचाही खर्च मांडा

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोराची हालचाल सुचवते. घरी बसवलं तर ती कुठून येणार, हे ठरवा. सोबत्यांपासून तुटणं, बिघडलेली झोप, वाढलेलं वजन हेही तराजूत टाका. संघाचा खेळ थांबवला तरी धावणं, सायकल, दोन भावंडांचा सराव थांबवायचं कारण नसतं. आणि मोठ्या खंडानंतर सगळेच परततात तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे सराव निम्म्यावर ठेवा. उन्हाची सवयही गेलेली असते, आणि स्नायू नेमके तेव्हाच दुखावतात.

थांबायचं कधी, ते आधी लिहून ठेवा

साथ शिगेला पोहोचल्यावर कुणालाच शांतपणे विचार करता येत नाही. म्हणून हंगामापूर्वीच ठरवा: एका आठवड्यात संघातली किती मुलं आजारी पडली तर सराव बंद, जवळच्या रुग्णालयात खाटा संपत आल्या तर काय, हॉलऐवजी मैदान मिळालं नाही तर काय. आकडा तुमच्या संघाच्या आकारावर अवलंबून आहे. माझा दोनवर आहे, लोकांना तो फार कडक वाटतो. आठवड्यातून एक ठरावीक दिवस या यादीकडे पुन्हा बघा, आणि निर्णय सगळ्या पालकांना एकाच संदेशात कळवा. आजारी मुलाचं नाव त्या संदेशात नको. विचारलं तरी सांगू नका.