गायन क्लासच्या मुलांचा संगीत नाटकांचा सीझन नाशिकमध्ये कसा बसवायचा

पहिली गोष्ट, नाटक ठरवून मग पात्रं शोधू नका, आधी आपल्या क्लासमध्ये गळे कोणते आहेत ते बघा. आम्ही पहिल्या वर्षी नेमकं उलटं केलं, सगळ्यांना खाडिलकरांचं मानापमान आवडतं म्हणून मानापमान घेतलं आणि त्यातल्या नायकाची, धैर्यधराची पदं पेलेल असा एकही मुलगा नव्हता, चौदा-पंधरा वर्षांची पोरं, दोघांचे आवाज तर तेव्हाच फुटत होते. त्यातल्या एकाने तार षड्जासाठी (वरच्या सा साठी) इतकी ओढाताण केली की पुढे महिनाभर त्याचं गाणं बंद ठेवावं लागलं. ते मला अजून लागून आहे, म्हणून आधी गळे.

मुली जास्त असतील तर देवलांचं शारदा (१८९९) बघा, शारदा आणि तिच्या मैत्रिणी मिळून बऱ्याच जणींना काम मिळतं. चार-पाच बरे गाणारे असतील तर किर्लोस्करांचं सौभद्र (१८८२), तिथे अर्जुन, सुभद्रा, कृष्ण, नारद असे सगळेच गातात म्हणजे भार एकावर पडत नाही. गाणारे दोनच आणि अभिनय करणारे भरपूर असतील तर संशयकल्लोळ (१९१६), त्यात गाण्याचा भार मुख्यतः अश्विनशेठ आणि रेवतीवर, बाकीचे फार्समध्ये रमतात. कट्यार काळजात घुसली मात्र लगेच घेऊ नका, कितीही मोह झाला तरी, त्याला तयारीचे गळे लागतात.

परवानगीचं आधीच बघून घ्या. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे किर्लोस्कर, देवल, खाडिलकर (१९४८ मध्ये गेले) यांच्या संहिता मोकळ्या आहेत. पण आपल्या नाशिकच्या दोघांची नाटकं, कानेटकरांचं मत्स्यगंधा आणि तात्यासाहेबांचं (कुसुमाग्रजांचं) ययाति आणि देवयानी, यांच्यासाठी हक्क असलेल्यांकडून लेखी परवानगी हवीच, आणि दोन्हीला संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचं आहे तेव्हा त्याचंही विचारा. शिवाय जाहीर प्रयोग असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र लागतं, ते शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

आता सीझन कसा आखायचा. परदेशात संगीताच्या शाळा ऑपेरा करतात तेव्हा बरेचदा आधी वेगवेगळ्या ऑपेरांमधले निवडक प्रवेश पियानोवर करतात, पूर्ण ऑपेरा नंतर, आणि मुख्य भूमिकेला दोन-दोन जण तयार ठेवतात. हे आपण खुशाल उचलावं. जून-जुलैत निवड, सप्टेंबरात नाट्यप्रवेशांची संध्याकाळ, फक्त ऑर्गन-तबला, नेपथ्य नाही, त्यासाठी कुसुमाग्रज स्मारकातलं विशाखा सभागृह बरं पडतं. नोव्हेंबर-डिसेंबरात गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षा असतात तेव्हा तालमी कमी ठेवा. पूर्ण नाटक जानेवारीअखेर साईखेडकर किंवा कालिदास नाट्यगृहात, आणि जमलं तर २७ फेब्रुवारीला, तात्यासाहेबांच्या जन्मदिवशी, दुसऱ्या संचाचा प्रयोग. हॉलच्या तारखा मात्र तालमी सुरू व्हायच्या आधी घ्या.

पदं कापावी लागणार. जुनी नाटकं रात्रभर चालायची, मूळ संहितेतली सगळी पदं घेतली तर आपलाही प्रयोग पहाटे संपेल. कापताना माझा नियम एकच, ज्या पदाने गोष्ट पुढे सरकते ते ठेवायचं, नुसतं गोड आहे ते प्रवेशांच्या संध्याकाळी गाऊन घ्यायचं.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो सुराला, आणि इथेच बहुतेक जण फसतात. मुलगा काळी एकमध्ये गातो (पेटीची पहिली काळी पट्टी हा त्याचा सा), मुलगी काळी चारमध्ये, आणि दोघं एकाच प्रवेशात. एकाला दुसऱ्याच्या पट्टीत ओढू नका, मुलगी खर्जात पुटपुटते नाहीतर मुलगा किंचाळतो. प्रत्येकाचं पद त्याच्या पट्टीत ठेवा आणि मधल्या संवादात ऑर्गनवाल्याने हळूच नवा षड्ज धरायचा, म्हणजे गाणाऱ्याच्या कानात तो आपोआप बसतो, ही जागा दहा-दहा वेळा घोटून घ्या. तबले शक्यतो दोन ठेवा. एकच असेल तर काळी एकचा तबला काळी चारवाल्या मुलीला मध्यमात (तिच्या सा ऐवजी म वर) लागतो, रागात शुद्ध मध्यम असेल तर चालून जातं, पण यमनमध्ये तीव्र मध्यम असतो, त्याच्या पदाला टोचतं. आणि ऑर्गनवाला, तबलजी पहिल्या महिन्यापासून तालमीला हवेत. आम्ही एकदा मोबाईलच्या ट्रॅकवर तालमी केल्या आणि मुलं ट्रॅकच्या मागे पळायला शिकली. नाट्यपदात गाणारा भावाप्रमाणे थांबतो, साथीला त्याच्याबरोबर थांबावं लागतं, ते ट्रॅकला कुठून येणार.

तालमीत आधी पद गद्यासारखं बोलून घ्या, कुणाला सांगतोय, काय मागतोय. मग सूर. आपल्या मुलांना ख्यालाची सवय असते, समोरच्याशी बोलता बोलता तान सुरू होते आणि समोरचं पात्र खांबासारखं उभं. एका पदाला ताना किती ते तालमीतच ठरवा आणि ऐकणाऱ्या पात्रालासुद्धा काहीतरी काम द्या.

कपडेपट भाड्याने मिळतो, नऊवाऱ्या आणि शेले घरोघरच्या कपाटातून निघतात, त्यात फार जीव अडकवू नका.

प्रयोगाच्या दिवशी जानेवारीची थंडी धरून चला. तबल्याचा सूर एसीमध्ये हलतो म्हणून हॉल गार झाल्यावर, पहिल्या घंटेआधी परत लावा. मुलांना गरम पाणी, थंड काही नाही, आणि दुपारी पूर्ण ताकदीने गाऊ देऊ नका. वन्समोअर कुठल्या पदाला द्यायचा ते आधीच ठरवा आणि ऑर्गनवाल्याला खूण सांगून ठेवा, नाहीतर मुलगा गोंधळून पुढचं वाक्य बोलून टाकतो. सुरुवातीच्या नांदीला अख्खा क्लास उभा करा, शेवटच्या भरतवाक्याला पडदा ओढणारी पोरंसुद्धा स्टेजवर बोलवा.