कॅरनटूहिल चढण्याआधी उतरण्याची वाट ठरवावी

केरी परगण्यातील १,०३८ मीटर उंचीच्या कॅरनटूहिलवर, म्हणजे आयर्लंडच्या सर्वोच्च शिखरावर, पायथ्याच्या क्रोनिन्स यार्डहून हॅग्ज ग्लेन दरीतील दोन तळ्यांमधून जाणारी डेव्हिल्स लॅडरची घळ ही सर्वांत सरळ वाट असली, तरी तिच्यातील माती वाहून गेल्यामुळे पायाखालचा दगड सहज निसटतो आणि थेट मागून येणाऱ्याच्या अंगावर जातो. म्हणून या घळीतून फार तर चढावे, उतरू मात्र नये, असे माझे मत आहे. शिखरावरून घळीच्या माथ्यावरील खिंडीत परतल्यावर पूर्वेकडील क्नॉक ना टिन्या हा डोंगर ओलांडून झिगझॅग नावाच्या नागमोडी वाटेने दरीत उतरावे. अंतर वाढते, पण गुडघे वाचतात. माथ्यावर पोलादी क्रॉसपाशी धुक्यात दिशा चुकल्यास ईशान्येला उभा कडा आहे, त्यामुळे नकाशा आणि होकायंत्र खिशातच असावे, सॅकच्या तळाशी नव्हे.