नाणेघाटातली उल्कांची रात्र: कॅमेऱ्याला हात न लावता फोटो कसा मिळवायचा

मी जुन्नर भागात लग्नाचे फोटो काढतो. लग्नात क्षण येतोय हे आधी कळतं. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं, लोकांनी अक्षता मुठीत घेतल्या की माझं बोट शटरवर जातं. उल्केच्या बाबतीत हीच सवय नडते. ‘तो बघा तारा तुटला’ म्हणून बटण दाबेपर्यंत तो विझलेला असतो. पहिल्या वर्षी मी अशीच अख्खी रात्र घालवली. जिथे उल्का दिसली तिकडे कॅमेरा फिरवायचा, की पुढची उल्का पाठीमागून जायची. सकाळी हातात एकही फोटो नव्हता. तेव्हापासून एकच नियम पाळतो: कॅमेरा एका दिशेला लावायचा, शटर सतत चालू ठेवायचं आणि उजाडेपर्यंत त्याला हलवायचं नाही.

आपल्याकडे यासाठी सगळ्यात चांगली रात्र १३ डिसेंबरची, म्हणजे १४ च्या पहाटेपर्यंतची. ययातीतल्या उल्कांचं, म्हणजे पर्सिड्सचं, नाव जगभर मोठं, पण त्या १२-१३ ऑगस्टला येतात आणि तेव्हा सह्याद्रीत ढगाखाली हातभर अंतरावरचं दिसत नाही. डिसेंबरातल्या मिथुन राशीतल्या उल्का आकाश स्वच्छ असताना येतात, आणि त्या फोटोलाही सोयीच्या आहेत. फेथॉन नावाच्या, १९८३ मध्ये सापडलेल्या लघुग्रहाने मागे सोडलेले हे कण सेकंदाला साधारण ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात. नोव्हेंबरातल्या सिंह राशीतल्या उल्का याच्या दुप्पट वेगाच्या. उल्का जितकी सावकाश सरकेल तितका वेळ तिचा प्रकाश सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या, एकेका ठिपक्यावर पडतो, आणि रेघ तितकी ठळक उमटते.

आधी तिथी बघा. दत्तजयंती १४ डिसेंबरच्या आसपास आली, जशी २०२४ ला आली होती, तर पौर्णिमेचा चंद्र रात्रभर डोक्यावर राहतो आणि फक्त फार तेजस्वी उल्का हाती लागतात. चंपाषष्ठी जवळ असेल तर चंद्र मध्यरात्रीच्या आत मावळतो आणि पुढची सगळी रात्र आपली. २०२६ मध्ये हाच योग आहे.

जागा मी नाणेघाटाची निवडतो, कारण जुन्नरहून तासाभरात पोचता येतं. पश्चिमेला खाली कोकणात कल्याण-मुंबईचा उजेड क्षितिजावर पिवळट दिसतो, म्हणून तिकडे पाठ करायची. दक्षिणेला जीवधन किल्ला आहे. त्याची काळी आकृती फोटोच्या तळाला ठेवली की आकाशाला टेकू मिळतो. विदर्भातल्या लोकांना तर पेंच जवळ आहे. तो व्याघ्रप्रकल्प २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून जाहीर झाला. कुठेही जा, उजेड असतानाच पोचा. दगड, खड्डे, कड्याची धार दिवसा बघून ठेवलेली असली की रात्री पाय चुकत नाही. आमच्या भागात बिबट्या आहे, तेव्हा एकट्याने जाऊ नका आणि येता-जाता उसाच्या कडेला गाडी थांबवून खाली उतरू नका. मी घाटघर गावात आधी सांगून ठेवतो आणि आम्ही तिघे-चौघे असतो.

आता कॅमेरा. माझा जुना कॅनन ६डी आहे आणि त्यावर सॅमयांगची १४ मिलिमीटर, एफ २.८ ची लेन्स. लग्नाच्या फोटोग्राफरला पुढची गोष्ट लगेच समजेल, इतरांनी मात्र थोडं थांबून वाचावी. उल्का फ्लॅशसारखी असते. फ्लॅशचा उजेड किती पडेल हे शटरच्या वेळावर अवलंबून नसतं, अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं आहे ते) आणि आयएसओवर (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ठेवला ते) असतं, कारण फ्लॅश शटरच्या आत क्षणात येऊन जातो. उल्काही एका ठिपक्यावरून तशीच निसटते. शटर ५ सेकंद उघडं असो की ३०, तिचा उजेड तेवढाच. जास्त वेळ ठेवल्याने फक्त मागचं आकाश उजळतं आणि उल्का त्यात फिकी पडते. म्हणून अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा, २.८ किंवा त्याहून मोठं, म्हणजे त्याहून लहान आकड्याचं, मिळालं तर आणखी छान. आयएसओ ३२००, आणि वेळ २० सेकंद. आकाश फारच उजळ येत असेल तर वेळ कमी करा, अॅपर्चरला हात लावू नका. तारे लांबट येऊ नयेत म्हणून ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागायची जुनी पद्धत आहे. १४ ला ३५ सेकंद येतात, २४ ला सुमारे २०. छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर मिलिमीटरला आधी दीडने गुणा. फाइल रॉ मध्येच, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती न गाळता, ठेवा.

फोकस अंधारात आपोआप होत नाही. लेन्स मॅन्युअलवर टाका, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, व्याधाचा तारा धरा, १० पट मोठा करा आणि रिंग अगदी हळू फिरवत तो सुईच्या टोकाएवढा होईपर्यंत थांबा. मग रिंगला चिकटपट्टी लावा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नका, माझ्या लेन्सची खूण चुकीचीच आहे. गारठा वाढला की फोकस किंचित सरकतो, तेव्हा मध्यरात्री एकदा पुन्हा तपासा.

लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन नावाची सेटिंग आवर्जून बंद करा. ती चालू असेल तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून बसतो आणि अर्धी रात्र वाया जाते. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, तीही बंद. माझ्या कॅमेऱ्यात इंटरव्हल मोड, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायची सोय, नाही, म्हणून केबल रिमोटचं बटण दाबून कुलूप लावतो आणि ड्राइव्ह कंटिन्युअसवर ठेवतो. इंटरव्हल मोड वापरणाऱ्यांनी मध्यांतर (एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ) शटरच्या वेळेपेक्षा एक-दोन सेकंदांनी जास्त ठेवावं. दोन्ही २० ठेवले, तर बरेच कॅमेरे एकाआड एक फोटो गाळतात. मिनिटाला तीन फोटो धरले तर सहा तासांत हजारावर जातात, तेव्हा ६४ जीबीचं कार्ड आणि तीन चार्ज केलेल्या बॅटऱ्या लागतात. सुट्या बॅटऱ्या अंगावरच्या खिशात ठेवा, थंडीत त्या लवकर बसतात.

दिशा ठरवताना एक मोह टाळा. या उल्का पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळून फुटल्यासारख्या वाटतात, म्हणून सगळे तिकडेच कॅमेरा लावतात. त्या बिंदूजवळच्या रेघा आखूड येतात, कारण उल्का जवळजवळ आपल्याच दिशेने येत असते. थोडं दूर रोखलात तर लांब रेघा मिळतात. मी कॅमेरा उभा धरून जीवधनच्या बाजूला लावतो, मृग नक्षत्र वरच्या भागात येतं. पुनर्वसू रात्री दोनच्या सुमारास जवळपास डोक्यावर येतं आणि मध्यरात्रीनंतर तीन-चार तास संख्या सर्वाधिक असते. तासाला शंभरच्या वरचा जो आकडा बातम्यांत येतो, तो बिंदू डोक्यावर आणि आकाश पूर्ण काळं असतानाचा, सगळं आकाश धरून. एका फ्रेममध्ये तासाला दोन-तीन मिळाल्या तरी समाधान माना.

दवाने माझी एक रात्र खाल्ली. दोन वाजल्यानंतरचे सगळे फोटो दुधाळ निघाले, काचेवर दव साचलेलं मला कळलंच नाही. आता हात शेकायच्या गरम पुड्या पायमोज्यात घालून लेन्सभोवती रबराने बांधतो. पाण्याकाठी, भंडारदऱ्यासारख्या ठिकाणी, हे हवंच. टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद लावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पांढरा पडदा ती एका क्षणात मोडतो.

पहाटे कॅमेरा आणि लेन्स बॅगेत बंद करूनच उबदार खोलीत न्या, नाहीतर काचेच्या आत बाष्प धरतं. दुसऱ्या दिवशी सगळे फोटो एकेक करून बघा. उल्का फक्त एकाच फोटोत असते, दोन्ही टोकांना बारीक आणि मध्ये फुगीर, बऱ्याचदा एका बाजूला हिरवट. उपग्रहाची रेघ सारख्या जाडीची असते आणि पुढच्या फोटोत तशीच पुढे सरकलेली दिसते. विमान ठिपक्याठिपक्यांनी ओळखू येतं. सगळ्या उल्का एकाच चित्रात घ्यायच्या असतील तर एक फोटो आधार म्हणून निवडा, बाकीच्यांतले तारे त्याच्याशी जुळवा आणि फोटो जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे लेयर लायटन मोडवर (दोन्हींतला उजळ ठिपका दाखवणारा) ठेवून फक्त उल्का उघडी करा. ताऱ्यांशी जुळवल्यावर सगळ्या रेघा मागे वाढवल्या तर पुनर्वसूजवळ एकत्र येतात. एखादी येत नसेल तर ती त्या वर्षावातली नाही, तिला चित्राबाहेर ठेवा. आणि फोटोखाली किती तासांचे किती फोटो एकत्र केले ते स्पष्ट लिहा.