सार्वजनिक निधीतून बेसबॉल-सॉफ्टबॉल मैदान सुधारताना

अमेरिकेतल्या शहरी उद्यानातलं मैदान सुधारायचं असेल, तर दिव्यांआधी पाण्याचा निचरा बघा. पाऊस थांबताच पाणी कुठे साचतं ते नकाशावर टिपा. बहुधा ते गवत आणि मातीच्या सीमेवर साचतं, कारण सपाटीकरणात ओढलेली माती तिथे चढत जाऊन बांध तयार होतो. तो न काढता वर नवी माती टाकली तर पैसे वाया जातात. इनफिल्डला (बेसांच्या आतल्या मातीच्या भागाला) अर्धा ते एक टक्का उतार द्या. मिश्रणात साधारण ६० ते ७० टक्के वाळू, उरलेली चिकणमाती आणि गाळ. थर ४ ते ६ इंच.

दोन्ही खेळ एकाच जागी? बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बेस (धावणाऱ्याने गाठायचे टप्पे) एकमेकांपासून ६० फुटांवरच, पण पिचिंगचं म्हणजे चेंडूफेकीचं अंतर बेसबॉलला ४६ आणि सॉफ्टबॉलला ४० फूट. सॉफ्टबॉलला चेंडू फेकणाऱ्यासाठी उंचवटा नको, बेसबॉलला हवा, म्हणून हलवता येणारा माउंड (तोच उंचवटा) अंदाजपत्रकात धराच. डगआउटपर्यंत (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेपर्यंत) व्हीलचेअरची वाटही.

लँड अँड वॉटर कन्झर्व्हेशन फंड हा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा निधी जास्तीत जास्त निम्मा खर्च देतो, तोही सहसा खर्च झाल्यावर. तेव्हा रोकड आधी उभी करा. शिवाय ती जागा कायमची मैदानी करमणुकीसाठीच राखून ठेवावी लागते, हे नगर परिषदेला अर्जापूर्वीच स्पष्ट सांगा.