विंडोज पुन्हा इन्स्टॉल न करता नव्या एसएसडीवर

जुनी हार्ड डिस्क रखडायला लागली की लोक विंडोज पुन्हा टाकायला बसतात आणि सगळे प्रोग्राम, सेटिंग्ज नव्याने लावत राहतात. त्याची गरज नाही. अख्खी डिस्क क्लोन करा, म्हणजे जशीच्या तशी नव्या एसएसडीवर (वेगवान डिस्कवर) उतरवा. क्लोनझिला हे मोफत साधन त्यासाठी पुरेसं आहे.

१. महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप आधी वेगळ्या ठिकाणी. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर बंद करून डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या.

२. नवी एसएसडी जोडा. शिफ्ट दाबून धरून शट डाऊन करा. साध्या शट डाऊनमध्ये फास्ट स्टार्टअप या लवकर सुरू होण्याच्या सोयीमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि क्लोनिंग अडू शकतं.

३. क्लोनझिला टाकलेल्या बूटेबल पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून डिस्क-टू-डिस्क निवडा. इथे घाई नको! सोर्स (जुनी डिस्क) आणि टार्गेट (नवी डिस्क) उलटे झाले तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. दोन्हींची साइज सारखी असेल तर मॉडेलचं नाव वाचूनच पुढे जा. नवी डिस्क लहान असेल तर आधी जुनीवरची पार्टिशन्स (डिस्कचे भाग) लहान करून घ्या.

४. झाल्यावर जुनी डिस्क काढा, मगच मशीन सुरू करा. दोन्हींची ओळख एकच असल्याने एकत्र ठेवल्यास बूटिंगचा गोंधळ होतो.

नवी डिस्क मोठी असूनही सी ड्राइव्ह वाढत नसेल, 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट दिसत असेल, तर बहुधा मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला भाग) आडवं आलेलं असतं. जीपार्टेड या पार्टिशन बदलणाऱ्या मोफत साधनाने ते शेवटी सरकवा.

जुनी डिस्क निदान काही आठवडे फॉरमॅट करू नका.