उणे १८३ अंशांवरची नोकरी : गॅस प्लांटवर येणाऱ्या नव्या मुलांसाठी

अप्रेंटिसच्या मुलाखतीत साहेबांनी मला कामाचा एकच प्रश्न विचारला. "ऑक्सिजन जोरात दाबला तर त्याचं लिक्विड होईल का?" आयटीआयला माझा ट्रेड एओसीपी, म्हणजे केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर. मी ठोकून दिलं, "हो सर, घरच्या गॅससारखं." साहेब नुसते हसले. नोकरी मिळाली, पण उत्तर का चुकलं ते कळायला दोन महिने गेले.

प्रत्येक वायूची तापमानाची एक वेस असते. वायू त्या वेशीच्या वर असेल तर कितीही दाबा, द्रव होत नाही. पुस्तकात तिला क्रांतिक तापमान म्हणतात. स्वयंपाकाच्या गॅसमधल्या प्रोपेनची वेस ९७ अंशांजवळ, म्हणून हा गॅस साध्या दाबाने द्रव होऊन लाल सिलेंडरमध्ये डुचमळतो. ऑक्सिजनची वेस उणे ११८ ला. आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीतही तो तिच्या खूप वर असतो. १८७७ पर्यंत त्याला 'कायमचा वायू' म्हणत ते उगीच नाही. त्या वर्षी फ्रान्समध्ये कायेते आणि जिनिव्हात पिक्ते यांनी त्याचं धुकं, फवारा असं काहीतरी क्षणभर पाडून दाखवलं. नळीत शांतपणे उकळणारा द्रव ऑक्सिजन मात्र १८८३ मध्ये क्राकोला व्रुब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांच्या हाती लागला.

त्यामुळे काळ्या अंगाच्या, पांढऱ्या खांद्याच्या जंबो सिलेंडरात लिक्विड नसतं. तिथे १५० बारला दाबून बसवलेला वायूच असतो, साधारण सात घनमीटर. नऊ-दहा किलो ऑक्सिजनसाठी पन्नास-साठ किलो पोलाद वाहायचं, असा तो आतबट्ट्याचा व्यवहार. उलट एक लिटर लिक्विडचा सुमारे ८६० लिटर वायू होतो. दहा हजार लिटरची एक टाकी म्हणजे जवळपास बाराशे जंबो. लिक्विडचा सगळा खटाटोप या हिशेबापायी.

टाकी म्हणजे राक्षसी थर्मास. आत स्टेनलेस स्टीलचं भांडं, बाहेर साध्या पोलादाचं कवच, मधल्या जागेत पर्लाइटची भुकटी आणि व्हॅक्यूम. आतलं भांडं साध्या पोलादाचं का नाही, हा तोंडी परीक्षेतला लाडका प्रश्न : एवढ्या थंडीत ते काचेसारखं ठिसूळ होतं. इतकं करूनही थोडी ऊब आत शिरतेच. लिक्विड सतत किंचित उकळत राहतं आणि दाब चढत जातो. थोडक्यात, इथे द्रव होतो तो थंडीने, आणि दाब मागाहून येतो. आपली नोकरी मुख्यतः त्या दाबाशी.

पण दाब लागतोही. टाकीच्या तळातून थोडं लिक्विड एका कॉइलमध्ये सोडतात. बाहेरच्या हवेच्या उबेने त्याचा वायू होऊन तो टाकीच्या डोक्यावर परत जातो आणि खालच्या लिक्विडला व्हेपोरायझरकडे, म्हणजे लिक्विडचा वायू करणाऱ्या नळ्यांकडे, ढकलतो. पंप नाही, वीज नाही. वापर मंदावला की मात्र हाच दाब डोईजड होतो.

एका रविवारी रात्री अकरा वाजता एका दवाखान्याच्या वॉचमनचा फोन आला, "साहेब, टाकी शिट्टी मारतेय, फुटणार बहुतेक!" माझे हातपाय गार पडले. आमचे शिफ्ट इनचार्ज, सगळे त्यांना मामा म्हणत, त्यांनी फोन घेतला आणि दोनच गोष्टी विचारल्या. शिट्टी थांबून थांबून वाजते की सलग? टाकीच्या अंगाला घाम किंवा बर्फ आलाय का? शिट्टी थांबून वाजत होती आणि टाकी कोरडी होती. म्हणजे रविवारी ऑपरेशन थिएटर बंद, वापर कमी, दाब चढला, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला आणि परत बसला. मामा म्हणाले, "वाजू दे. तिचं कामच आहे ते." बाहेरच्या कवचाला घाम आला असता तर व्हॅक्यूम गेलाय असं समजून आम्ही त्याच पावली निघालो असतो. अप्रेंटिसशिपच्या वर्षभरात हे दोन प्रश्न मला सगळ्यात जास्त कामाला आले.

ज्याची शिट्टी वाजत नाही त्याची मला जास्त भीती वाटते. पाइपात दोन व्हॉल्व्ह बंद केलेत, मध्ये लिक्विड अडकलंय आणि तिथे सेफ्टी व्हॉल्व्ह नाही, अशी जागा कधी ठेवू नका. लिक्विड तापतं, त्याला पसरायला जागा नसते, मग पाइप फाटतो. लाइनचा नकाशा हातात पडला की मी आधी असे तुकडे शोधतो.

आता तेल. पहिल्याच दिवशी मामांनी माझ्या डोक्याकडे बघून विचारलं, "आईने चंपी करून पाठवलंय का?" खोबरेल चपचपीत होतं. मला गेटवरच थांबवलं. तेल, ग्रीस आणि शुद्ध ऑक्सिजन एकत्र आले की पेटायला ठिणगीही लागतेच असं नाही. पोहे खाऊन हात साबणाने न धुता पान्याला हात लावायचा नाही, फिटिंगला घरचं ग्रीस लावायचं नाही. ऑक्सिजनच्या गळतीत उभे राहिलात तर कपड्यांत तो मुरतो, म्हणून बाहेर येऊनही बराच वेळ विडीजवळ फिरकायचं नाही. टँकर खाली करायच्या जागी डांबर का नसतं, असं मी विचारलं होतं. लिक्विड सांडून डांबरात मुरलं की ते नुसत्या ठोक्यानेही उडू शकतं, म्हणून तिथे काँक्रीट.

नायट्रोजनची तऱ्हा वेगळी. तो पेटवत नाही, वास देत नाही, बंद खोलीत गुपचूप हवेची जागा घेतो. माणूस गुदमरतोय हे त्याला स्वतःलाही कळत नाही. पडलेल्या सहकाऱ्याला उचलायला धावत आत जाऊ नका, आधी हवेच्या सिलेंडरचा मास्क. बोलायला सोपं आहे, पाय मात्र धावतातच.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या लाटेत, कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले, ते आठवत असेल. लिक्विड पोलाद कारखान्यांत होतं, रुग्ण इकडे. त्या दिवसांत मी एका दवाखान्यात व्हेपोरायझरवर पाइपाने पाणी मारत बसायचो. वापर इतका वाढला होता की ॲल्युमिनियमच्या पंखांवर बर्फ चढून वायू तयार होणंच मंदावायचं. टाकी भरलेली आणि वॉर्डात दाब कमी, हे तिथे पाहिलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. सिलेंडर आणि टाक्यांचे परवाने 'पेसो' ही स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेची केंद्र सरकारी संस्था देते, मुख्य कार्यालय नागपूरला. २०१६ चे गॅस सिलेंडर नियम एकदा तरी वाचा. कंटाळवाणे आहेत, तरी वाचा.

कार्बन डायऑक्साइडची वेस ३१ अंशांवर आहे. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात दुपारी त्याच्या सिलेंडरातलं लिक्विड लिक्विड राहत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. म्हणून तो काठोकाठ भरत नाहीत, आणि किती उरलाय ते गेजवर नाही, वजनकाट्यावर कळतं.

आता मुलाखतीत तो जुना प्रश्न मी विचारतो. मागे वेल्डिंगच्या दुकानात काम केलेला एक मुलगा आला होता. क्रांतिक तापमान त्याला माहीत नव्हतं. जरा विचार करून म्हणाला, "सर, सीओटूचा सिलेंडर तिरका करून घरंगळवला की आत काहीतरी हलल्यासारखं हाताला लागतं. ऑक्सिजनचा जंबो घरंगळवताना कधीच लागलं नाही. म्हणजे दाबून त्याचं पाणी होत नसणार."

त्याला त्याच दिवशी बूट आणि हेल्मेट दिलं.