हाताच्या जखमेला टाके घालण्याआधी या चुका टाळा

ऊसतोड, सोयाबीनची मळणी, बारा महिने चालणारी कडबाकुट्टी. मराठवाड्यात हाताला इजा व्हायला एवढं पुरे आहे. येणाऱ्या बहुतेकांचं पोट हातावर असतं, म्हणून कॅज्युअल्टीतल्या पहिल्या दहा मिनिटांबद्दल मला आग्रहाने लिहावंसं वाटतं.

सगळ्यात महागात पडते ती घाई: आधी भूल, मग तपासणी. लिग्नोकेन हे भुलीचं औषध दिल्यावर बोट मुळातच बधिर होतं, मग नस (स्पर्श कळवणारी नर्व्ह) तुटली आहे की नाही हे कळणार कसं? आधी रुग्णाला डोळे मिटायला सांगा, बोटाच्या टोकाला दोन्ही कडांनी हलका स्पर्श करा आणि दुसऱ्या हाताशी ताडून पाहा. मग मधला सांधा सरळ धरून फक्त टोक वाकवायला लावा. त्यानंतर बाकीची बोटं सरळ धरून मधला सांधा वाकवायला सांगा. या दोन हालचाली दोन वेगळ्या स्नायुबंधांच्या (टेंडनच्या) आहेत. बोट वाकलं म्हणून निर्धास्त होऊ नका. अर्धवट तुटलेला स्नायुबंधही बोट वाकवतो, फक्त विरोध केला की दुखतं, आणि काही दिवसांनी तो पूर्ण तुटू शकतो.

आणखी एक. कोयता लागला तेव्हा मूठ उसावर आवळलेली होती. टेबलावर बोटं सरळ असतात, त्यामुळे स्नायुबंधाची तुटलेली जागा जखमेपासून पुढे, बोटाच्या टोकाकडे सरकलेली असते. भूल दिल्यावर बोट पूर्ण वाकवून, सरळ करून जखमेत पुन्हा बघाच.

रक्त वाहतंय म्हणून आत अंदाजाने चिमटा लावू नका; बोटात नस धमनीला खेटूनच असते. हात उंच धरून दहा मिनिटं दाबून ठेवा.

तुटलेलं बोट नातेवाईक पुष्कळदा थेट बर्फात घालून आणतात. ते सलाईनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, पिशवी घट्ट बांधून, ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवायची. थंड ठेवलेलं बोट साधारण 24 तास टिकतं, नुसतं ठेवलेलं 12. हात मनगटाच्या वर तुटला असेल तर थंड न ठेवलेले स्नायू सहा तासांच्या पुढे टिकत नाहीत. घाटीला (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) पाठवा किंवा पुण्याला, पण तुटलेला भाग जोडणाऱ्या मायक्रोसर्जरीची सोय आज आहे का, हे गाडी निघण्याआधी फोनवर विचारा.

भांडणात समोरच्याचा दात लागून बोटाच्या मुळाशी फुटलेली जखम शिवू नका. धुवा, एक्स-रे काढा, अँटिबायोटिक द्या, सर्जनला दाखवा.

ग्रीस गन किंवा ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पाइपाची जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. आत मात्र तेल पार तळहातापर्यंत गेलेलं असू शकतं. अशा रुग्णाला धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवू नका. त्याला त्याच दिवशी ऑपरेशन लागतं.